नळी बदलली असेल

सकाळपासून तिने तीनदा हात धुतले होते. तिसऱ्यांदा पुसायचेच राहिले. ओल्या हातांनीच ती मशीनच्या खोलीत शिरली.

"काका, माझ्या हातून नळी बदलली. हवं तर लिहून देते."

काका म्हणजे रक्त तपासायच्या त्या लॅबचे जुने प्रमुख. ज्याच्या हातून नळी बदलेल त्याने दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नऊ वर्षांत नाही बदलली ती आता कशी बदलेल?"

"परवा त्या शाळेतल्या पन्नाशीच्या बाईंच्या दोन नळ्या भरल्या आणि लगेच माझं रक्त काढून घेतलं. त्यांच्या एका नळीवर माझं लेबल गेलं असणार. नाहीतर असा आकडा येईल का?"

आकडा काही तिच्या वयाचा नव्हता. ती बत्तीसची आणि रिपोर्ट पाळी संपलेल्या बाईचा. मूल व्हावं म्हणून पुढच्या आठवड्यात इंजेक्शनं सुरू व्हायची होती. कागद पाहून डॉक्टरीणबाई थबकल्या. "अंडाशय वेळेआधी थकलेले दिसतात. पुन्हा तपासून घ्या. तेच आलं, तर दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा विचार करावा लागेल."

काकांनी ट्रे रिकामा करवून घेतला. तिच्याबरोबर काम करणारी मुलगी सुई घेऊन आली.

"लेबलही तूच लाव," बाही वर करत ती त्या मुलीला म्हणाली.

"रोज तर माझ्या हातातून हिसकावून घेतेस."

"आज माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

नळी मशीनमध्ये गेली. ती नळ्यांची बुचं रंगाप्रमाणे लावत बसली. लावून झाली, तशी मोडली आणि पुन्हा लावली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"चूक माझीच आहे बहुतेक," तिने सांगितलं. "जरा थांब."

"लग्नानंतर पहिल्यांदाच कबूल केलंस," तो म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला.

नोकरी जाईल तर जाऊ दे. घरी बसायची तिने मनातल्या मनात तयारीसुद्धा करून टाकली होती. पाळणा कुठल्या खिडकीपाशी ठेवायचा, इथवर.

मशीनने कागद सोडला. ती उठली, पण पुढे गेली नाही. काकांनी तो आधीच्या कागदाशेजारी ठेवला. चष्मा डोळ्यांवर घेतला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आजवर त्यांनी लॅबमध्ये कोणाला शाबासकी दिलेली कोणी ऐकली नव्हती.

"तुझा हात चुकला नव्हता, पोरी," ते म्हणाले.