सबनीसांच्या छपराचं मत

“आजपासून देशाचं ऊर्जाधोरण मंत्री नव्हे, आपली सौर छपरं ठरवणार!” सबनीस मास्तरांनी गल्लीत गर्जना केली.

“मास्तर, नवा नियम वाचला नाहीत?” त्यांचंच छप्पर वरून बोललं. “जेवढं ऊन, तेवढं मत. माझ्या अर्ध्या अंगावर वहिनींनी कुरडया घातल्यात.”

मास्तर हादरले. गल्लीतली उरलेली वीज बाळंतिणींच्या दवाखान्याला द्यायची की जाहिरातीच्या फलकाला, याचं मतदान दहा मिनिटांत संपणार होतं. दवाखाना नेमका अर्ध्या मताने मागे होता.

“एवढं कडक ऊन, अन् कुरडया वाळायच्या राहणार!” असं पुटपुटत शकूवहिनी शेजारणींना घेऊन वर धावल्या. भराभर कुरडया निघाल्या.

“दवाखाना!” छप्पर गरजलं. तिकडे पंखे फिरले, इकडे टाळ्या पडल्या.

“मास्तर,” छप्पर हळूच म्हणालं, “जरा ओलं फडकं आणता का? पाठ चिकचिकतेय.”