ताडपत्री

ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर विटा ठेवून भाऊ हात झटकत उभा राहिला. खाली, तबेल्यासमोरच, आजोबा होते. म्हातारा घोडा, त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण घरात सगळे आजोबाच म्हणत. पहाटे उठायला म्हणून त्याने पुढचे पाय टेकले आणि तसाच आडवा झाला. एवढं थोराड जनावर, पण झाकल्यावर नुसता उंचवटा उरला होता.

"क्रेनची गाडी दुपारपर्यंत येईल. तोवर घोडीला कुंपणातच राहू दे. दार उघडू नकोस, ताई. तिला सोसायचं नाही."

हे शेवटचं वाक्य ताईच्या ओळखीचं होतं.

कुंपणाशी स्टूल ओढून ती बसली. घोडी कोपऱ्यापर्यंत जायची, जिथून तबेल्याची फक्त मागची भिंत दिसते तिथे थांबायची. कान पुढे करून खिंकाळायची. मग उत्तराची वाट बघायची. ताईच्या हातातली माळ पुढे सरेना; मणी ओढावा तोच पुन्हा हाक.

बाकी परसात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. आजोबांच्या घमेल्यातला उरलेला दाणा खारीने स्वतःच्या मालकीचा करून टाकला. मुंगूस तपासणीला आलेल्या साहेबासारखं आवार ओलांडून गेलं. साळुंक्या मात्र आजोबांच्या पाठीवर बसायला आल्या, ताडपत्रीवर उतरल्या, जरा चालून बघितलं आणि उडाल्या.

मध्येच फाटकाची कडी वाजली. ताई चटकन उठली. वारा होता. ती परत बसली.

ऊन कलल्यावर भाऊ चहा घेऊन आला. "गाडी नाक्यावर येऊन थांबलीय. क्रेनवाला जेवायला गेलाय म्हणे."

"जेवू दे बाबा. आजोबांना कसली घाई."

"तू तरी आत जाऊन पड जरा. चेहरा बघ कसा झालाय."

"आत पडलं तरी हाका ऐकू येतातच."

भाऊने कुंपणातल्या टाकीकडे पाहिलं. पाणी काठोकाठ होतं. "तोंडसुद्धा लावलं नाही का तिने? लावेल. जनावर आहे, उद्यापर्यंत विसरेल."

"विसरायला तिला आधी कळायला नको? ती वाट बघतेय रे. तो गेला, हे तिला कुणी सांगितलंय?"

"आणि बघून बिथरली तर? कुंपणावर आपटून पाय मोडून घेतला, तर मी काय करू? एका दिवसात दोन?" त्याचा आवाज चिरकला. म्हाताऱ्याला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं.

ताईने कप खाली ठेवला. "ह्यांना दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलंत तुम्ही. मला घरी बसवलंत. तिला सोसायचं नाही म्हणालास." ती घोडीकडेच बघत होती. "अजून फाटक वाजलं की मी उठते."

तेवढ्यात वळणावर गाडीचा भोंगा वाजला. भाऊ फाटकाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मागे फिरला. वाकून त्याने एक वीट काढली. मग दुसरी. ताडपत्री मानेपर्यंत दुमडली.

ताईने कुंपणाचं दार उघडलं.

घोडी धावली नाही. मान लांब करून एकेक पाय टाकत आली. नाकपुड्या हुंगल्या, कान हुंगला. रोज दोघं एकमेकांची मान खाजवायचे, तशी दातांत हलकेच त्याची आयाळ धरून तिने ओढली. थांबली. पुन्हा ओढली. मग अंगभर शहारून एक लांब श्वास सोडला.

फाटकाबाहेर गाडी येऊन उभी राहिली. भाऊने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

घोडी वळली. सावकाश टाकीपाशी गेली आणि पाण्यात तोंड घातलं.

"ताई," भाऊ म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं..."

"थांब. पिऊ दे तिला."

ताई परत स्टुलावर बसली. घोडी पीत राहिली. टाकीतलं पाणी हळूहळू काठाखाली गेलं. मागे गाडीवाल्याने कंटाळून स्वतःच फाटक उघडलं. कडी खणकन वाजली.

ताई स्टुलावर बसूनच राहिली.