तिसऱ्या वर्षीची तिकिटं

"वर्षाची फी किती म्हणालीस?" लिफ्ट मेकॅनिकने कपाळाला आठ्या घालून विचारलं.

सोफ्याच्या कडेवर टेकलेल्या बँकेतून आलेल्या मुलीने मांडीवरच्या टॅबलेटवर बघून आकडा पुन्हा सांगितला.

"का, सोन्याचं आहे का कार्ड?"

आवाज नेहमीसारखा लागला तसं त्याला हायसं वाटलं. दुपारपासून त्याला स्वतःच्या आवाजाचीच धास्ती होती. दुपारी तो एकटाच बायकोचे रिपोर्ट आणायला गेला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं, की बायकोच्या पोटातलं दुखणं पित्ताचं नाही. ते सगळीकडे पसरलंय, आता फार तर चार-सहा महिने. रविवारी त्यांची लेक सासरहून येणार होती. ती आली की दोघांनी मिळून बायकोला सांगायचं, तोवर तिला वासही लागू द्यायचा नाही, असं त्याने घरी येताना ठरवलं होतं. बिल्डिंगची लिफ्ट त्यानेच सकाळी दुरुस्त केली होती, तरी तो जिन्याने वर आला, तेवढाच वेळ मिळावा म्हणून.

आणि घरात बघतो तर ही बँकेची मुलगी क्रेडिट कार्ड विकायला बसलेली. देवच पावला म्हणायचा. पैशावरून वाद घालणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

"अहो, ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली. एका मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर तिची उभी हयात गेली होती, कुठल्या कार्डावर काय मिळतं ते तिला तोंडपाठ. "बिनफीचं कार्ड म्हणजे नुसतं नावाला. शंभराला एक पॉइंट. फीवाल्यावर बघा, किराण्याला पाचपट, औषधांना पाचपट."

"पाचपट म्हणे! आणि फी कोण भरणार, तुझे माहेरचे?"

"बघितलंस ना बाळ?" बायको मुलीकडे वळली. "हा माणूस हा असा. लग्नात फोटोवाल्याला एकच रोल आणायला लावला. पाहुण्यांचे फोटो काढता काढता तो संपला. आमच्या दोघांचा एक फोटो नाही घरात!"

मुलगी खिदळली. तोही हसला. जमतंय, त्याला वाटलं, असंच रेटत न्यायचं.

बायको पोटावर हात दाबून पुढे सरकली. "आयुष्यभर उभी राहून लोकांचे पॉइंट्स चढवले मी. लोक विमानाने फिरून आले आणि फोटो मलाच आणून दाखवले. एकदा आपलेही चढू देत की हो. किती दिवसांत जमतील गं तिकिटापुरते?"

"तुमचा खर्च असाच राहिला तर तिसऱ्या वर्षी, काकू. दोन तिकिटं. काका-काकू जोडीने!"

"तिसऱ्या वर्षी," बायको म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसत थांबली.

ती कशासाठी थांबली ते त्याला बरोबर कळलं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. पंख्याची पाच वर्षांची गॅरंटी असो नाहीतर विम्यावाल्याचा वीस वर्षांचा हिशेब असो, तो हात उडवून म्हणायचा, "तोवर कोण जगतंय!" कामावरचे लोक त्यावरून त्याची नक्कल करायचे. बायको तर त्याच्याही आधी ते म्हणून मोकळी व्हायची. आताही तिचे ओठ हलायच्याच बेतात होते.

त्याने हात वर उचलला. तोंडही उघडलं. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. बोल की मेल्या, तो मनातल्या मनात स्वतःवर खेकसला. हजारदा बोललायस, मग आत्ताच काय धाड भरली? उचललेल्या हाताने त्याने उगीच मान खाजवली.

"घे," तो म्हणाला. "तुला आवडलंय ना? मग फीवालंच घे."

"काय?"

"घे गं. पैशाचं काय एवढं!"

मुलीला स्वर्ग दोन बोटं उरला. ती भराभर टॅबलेटवर बोटं फिरवू लागली. "मग मुख्य कार्ड काकूंच्या नावावर, आणि जोडकार्ड काकांना. बरोबर ना?"

बायको नवऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. त्याने पंख्याकडे बघितलं, सोफ्याच्या कापडाचा सुटलेला धागा ओढला, बँकेच्या मुलीला पाणी हवं का विचारलं. शेवटी त्याला तिच्याकडे बघावंच लागलं. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर चिडली होती, रुसली होती, बोलायची बंद झाली होती. पण अशी घाबरलेली त्याने तिला कधी बघितलं नव्हतं.

"काकू? टाकू ना पुढे?" मुलीने विचारलं.

"नको," बायको म्हणाली. "बिनफीचंच दे, बाळ. आणि ह्यांच्या एकट्याच्या नावावर."