कॉलरचं टोक

“झोपले होते का गं मी?” थोरलीनं दचकून विचारलं.

“छे. नुसते डोळे मिटले होतेस,” धाकटी म्हणाली आणि तिच्या हनुवटीवरची लाळ रुमालानं टिपली.

शर्ट शिवण्याच्या कारखान्यात, कामाची परीक्षा द्यायला आलेल्यांच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. परीक्षा थोरलीची. धाकटी नुसती सोबत, कोपरानं ढोसायला. मनाच्या डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी सुरू होऊन आज नववा दिवस होता. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, पण तिची झोप दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मानेवर बसून राहायची. वीसेक दिवसांत अंगवळणी पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नोकरीच्या जाहिरातीला तेवढा दम नव्हता. म्हणून सकाळपासून डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, दोन कप काळी कॉफी आणि चार वेळा जिना चढउतार, सगळं करून झालं होतं.

थोरलीनं शेजारी पाहिलं. पाचला उठून पाणी हिनंच मारलं, कॉफी हिनंच केली, जिनाही हिनंच चढवला, तरी हिचे डोळे बघा कसे टक्क उघडे! थोरलीच्या पोटात दुखलं. धाकटीचा रंग, तिचे दाट केस, तिचं हसणं, यातलं काही तिला नको होतं. तिला फक्त त्या पापण्या हव्या होत्या.

नाव पुकारलं गेलं. गळ्यात टेप अडकवलेल्या सुपरवायझर बाईंनी मशीन दाखवलं. “एक कॉलर. पंधरा मिनिटं.” सोबतिणीला मागे स्टूल दिलं.

पहिली कड थोरलीनं फूटपट्टी ठेवल्यासारखी सरळ मारली. हात अजून तिचेच होते. मग मोटरच्या घरघरीनं घात केला. घरघर लांब गेली, पाय पॅडलवर जड झाला. जाग आली ती धाकटीनं तिचा पाय लाथेनं बाजूला सारला तेव्हा. शिवण कापड सोडून भलतीकडेच निघाली होती आणि सुई बोटापासून नखभर अंतरावर थांबली होती.

“बरं नाही का यांना?” बाईंनी विचारलं.

“काल जागरण झालंय हो,” धाकटी घाईनं म्हणाली.

“कसलं जागरण!” थोरली म्हणाली. खोटं बोलायलाही माणूस पुरता जागा असावा लागतो. “गोळी चालू आहे. मनाच्या डॉक्टरांची. अजून दहा-बारा दिवसांत गुंगी जाईल. आणि तीननंतर तर मी आत्ताही ठणठणीत असते.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सुई घड्याळ बघत नाही,” त्या म्हणाल्या. “नाही बसवता येणार मला तुम्हाला.”

“अहो, पण काम तर बघा माझं!” थोरलीचा आवाज चढला. मग तिनं धाकटीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. “हिला बसवा. हिला मीच शिकवलंय. हिचा टाका न् टाका माझा आहे.”

“अगं ताई...”

“बस म्हणते ना!”

धाकटी बसली. तिनं वाकडी शिवण उसवली, कोपऱ्यात दोरा घातला, शिवण फिरवली, कॉलर उलटवली आणि दोरा हलकेच ओढला. टोक अणकुचीदार बाहेर आलं. थोरली मागे उभी राहून ‘बघा’ अशा तोऱ्यात बाईंकडे पाहत होती. तेवढी तीन-चार मिनिटं तिला झोपेची आठवणही झाली नाही.

बाईंनी टोकावरून अंगठा फिरवला. “दोऱ्यानं ओढलंत. आमच्याकडे कात्रीनं टोचतात आणि भोकं पाडून ठेवतात. सोमवारी आठला या.”

“मी?” थोरलीनं विचारलं.

बाई धाकटीकडे बघत होत्या.

“मी तर हिच्यासाठी आलेय हो!”

“जागा एकच आहे,” बाई म्हणाल्या, “आणि कॉलर तुमची आहे.”

गुरूची विद्या गुरूला फळली ती अशी.

बसमध्ये बसल्या बसल्या धाकटी म्हणाली, “मी नाही जायची तिथं.”

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी जिवाला थंडावा मिळाला. तीन वाजले आणि ओलं पांघरूण कुणी काढून घ्यावं तशी तिची गुंगी उतरली. आता खिडकीबाहेरच्या पाट्यासुद्धा लख्ख वाचता येत होत्या, आणि उपयोग शून्य.

खांद्यावर काहीतरी टेकलं. धाकटीला झोप लागली होती. तोंड उघडं, ओढणी घसरलेली, मनगटावर सकाळच्या कॉफीचा लाल चटका. नऊ दिवस ही पाचला उठत होती. थोरलीला त्या झोपेचाही हेवा वाटला. कुठल्या गोळीची नव्हे, तिची स्वतःची, कमावलेली झोप.

दोन थांबे तिनं खांदा हलू दिला नाही. तिसरा त्यांचा होता. तिनं कोपरानं ढोसलं.

धाकटी दचकली. “झोपले होते का गं मी?”

“हो,” थोरली म्हणाली. “सोमवारी हे असलं चालायचं नाही.”