दादाचा कान

पुढच्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातला अडलेला शब्द त्याला जिन्यात सुचला. जेवायला निघालेला तो तसाच मागे फिरला, दोन मजले चढून आला आणि स्टुडिओचं जड दार खांद्याने ढकललं.

रेकॉर्डिस्ट पाठमोरी बसली होती. नऊ वर्षं ती त्याच्याबरोबर काम करत होती. समोर आजचंच गाणं उघडलेलं होतं. संध्याकाळपर्यंत ते म्युझिक कंपनीकडे जायचं होतं. सकाळभर खपून त्याने आवाज कमी-जास्त करायच्या ज्या पट्ट्या वर चढवल्या होत्या, त्या ती एकेक करून खाली आणत होती. न थांबता, सवयीच्या हाताने.

"काय चाललंय?"

ती दचकली. वळली. पण लपवायचा प्रयत्न केला नाही.

"माझ्या गाण्याला हात लावतेस? मला न विचारता?"

"दादा, बसा जरा."

"बसायला आलो नाहीये मी. होतं तसं कर ते!"

त्याचा आवाज अजून चढायचा. एकेकाळी या आवाजाने मैदानं हलायची. चौघांचा रॉक बँड, मधोमध तो, गळ्यात गिटार आणि पाठीशी भिंतीएवढे स्पीकर. सोळा वर्षं. मग गळा बसला, बँड फुटला आणि तो दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी गाणी लिहू लागला, ती घडवू लागला. लोक म्हणायचे, गळा गेला तर गेला, दादाचा कान शाबूत आहे ना!

तिने हेडफोन पुढे केले.

"हे तुमचं," ती म्हणाली. अर्धं मिनिट वाजवलं. "आणि हे माझं."

त्याने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा ऐकलं.

"दोन्ही एकच तर आहेत."

तिने मान खाली घातली.

"नाहीत, दादा. तुमच्यात त्या गाणाऱ्या पोरीचा प्रत्येक 'स', प्रत्येक 'श' सुईसारखा टोचतो. तुम्हाला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून तुम्ही ते चढवत जाता. दर गाण्याला थोडे जास्तच."

"कधीपासून?"

"माझ्या लक्षात आलं त्याला चार वर्षं झाली. चहाच्या खोलीत धुराचा अलार्म वाजला होता, आठवतं? आम्ही सगळे कानांवर हात ठेवून बाहेर पळालो. तुम्ही त्याच्या बरोब्बर खाली उभे राहून लिहीत होतात."

त्याला आठवलं. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, दादाला शब्द सुचतोय म्हणून मंडळी अदबीने बाहेर गेली.

"म्हणजे चार वर्षांतली सगळी गाणी..."

"लिहिलीत तुम्ही. चाली तुमच्या. मी फक्त शेवटी हात फिरवते."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"वा!" तो हसला. "कानामागून आली आणि तिखट झाली."

म्हणताना त्याला ती थट्टा वाटली होती. म्हणून झाल्यावर वाटली नाही.

"कानाडोळा करता आला असता मला," ती म्हणाली. "पण गाणी चांगली होती, दादा. तशी सोडून द्यायला जीव झाला नाही."

तो खुर्चीत बसला. जिन्यात सुचलेला शब्द कधीच गळून गेला होता. त्याच्या जागी दुसरंच काही वर आलं. बायको म्हणायची, "मी बोलते ते तुला ऐकूच येत नाही." तिचा आवाज बारीक होता. सगळ्याच बायका नवऱ्यांना ऐकवतात तसा टोमणा समजून त्याने ते सोडून दिलं होतं. चिडून दोनदा म्हणालाही होता, "दिवसभर ऐकण्याचंच काम करतो मी." पुढे ती सांगायची थांबली. मग त्याच्याबरोबर राहायचीही.

"डॉक्टरांना दाखवू या," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "मी येते बरोबर."

"तुझं लाव," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मोठ्या स्पीकरवर."

तिने लावलं.

बेस आला, तो छातीत लागला. ड्रम आला. मग त्या पोरीचा आवाज, गोधडीतून यावा तसा. हल्लीच्या पोरी तोंडातल्या तोंडात गातात, असं तो गेली काही वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. तिलाही सकाळी दोनदा रागावला होता. ती बिचारी तिसऱ्यांदा अजून तोंड उघडून गायली होती.

दुसरा अंतरा झाला. ध्रुवपद झालं. एकेक वाद्य मागे सरलं. शेवटी फक्त एक व्हायोलिन ठेवायचं, वरच्या सप्तकातला एकच सूर, विरत विरत जाणारा, हे त्याने स्वतःच कागदावर लिहून दिलं होतं.

खोली शांत झाली. त्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला लागला.

ती हलली नव्हती. तिची नजर स्पीकरकडे होती आणि एक हात टेबलापासून जरासा वर, तसाच अधांतरी.

तो परत खाली बसला. गाणं कधी संपतं ते कळावं म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.