दोन सूत

“पुढचं दार राहू द्या, भावजी. मागून या.”

खिडकीतून वहिनीचा आवाज आला. सुताराने हत्यारांची पिशवी खांद्यावर सावरली आणि घराला वळसा घातला. सहा वर्षांनी भावाच्या घरात शिरायचं, तेही चोरासारखं स्वयंपाकघरातून. दादा असता तर पोट धरून हसला असता. पण दादाला जाऊन तीन महिने झाले होते, आणि हा धाकटा त्याचं शेवटचं तोंड बघायलाही आला नव्हता.

“उंबऱ्यावर घट्ट बसतं,” वहिनी दाराकडे बोट दाखवून म्हणाली. “मला एकटीला सहज ओढवत नाही.”

“मग इतकी वर्षं दुसरा कोणी बोलवायचा.”

“ह्यांनी हात लावू दिला असता तर ना! माझ्या भावाने बसवलंय, तोच येऊन कापेल, म्हणायचे.”

बसवलं त्यानेच होतं. लाकूड ओलसर होतं म्हणून खाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त ठेवलं होतं. सुकलं की बघू, म्हणाला होता. ते सुकायच्या आत वडिलांच्या ऑपरेशनवरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. वडीलही गेले आणि बोलणंही गेलं. दोन सूत तेवढं राहिलं.

पटाशी खाली घालून त्याने दार उचकटलं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार दोन स्टुलांवर आडवं केलं. माप घेतलं, रेघ मारली. कड फाटू नये म्हणून रेघेवर टेप चिकटवली. सरळ पट्टी आवळून तिच्या कडेने इलेक्ट्रिक करवत टेकवली.

करवत सुरू झाली की दुसरं काही ऐकू येत नाही. त्याला मात्र नको तेच ऐकू येत होतं.

भांडणानंतर वर्षभराने तो आला होता. भर पावसात, पडतं घ्यायला. ह्याच दारावर थाप मारली होती.

“कोण?” दादाने आतून विचारलं.

“मी आहे, दादा.”

मग धपधप पावलं आली आणि दारावर आतून सणसणीत लाथ बसली. लगेच दुसरी. तिसरीची वाट न बघता तो पायऱ्या उतरला. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण त्या दोन लाथांच्या आधारावर तो पाच वर्षं जगला होता. दादाने अंथरूण धरल्याचं कळलं, दादा गेल्याचं कळलं. मन खायला लागलं की तो स्वतःला बजावायचा, मी गेलो होतो. त्यानेच हाकललं.

कापलेली पट्टी खाली पडली. करवत थांबली.

“शेवटपर्यंत तुमची वाट बघत होते हो,” भुसा झाडता झाडता वहिनी म्हणाली.

“असेल.”

गेलेल्या माणसाबद्दल बायको दुसरं काय बोलणार, असं त्याच्या मनात आलं. तरी त्याने कडेवर पॉलिश पेपर जरा जास्तच वेळ फिरवला.

दार परत चढवलं. एका बोटाने ढकललं तरी फिरत होतं. बाहेरून फट बघावी म्हणून तो पायरीवर गेला आणि दार लावून घेतलं. फट सगळीकडे सारखी होती. सहा वर्षांपूर्वी अर्ध्या तासात झालं असतं हे काम.

त्याने थाप मारली. “वहिनी, आतून उघडून बघा.”

धपधप पावलं आली. दारावर सणसणीत लाथ बसली, आणि दार असं काही भसकन उघडलं की वहिनी मागच्या मागे पडता पडता वाचली.

ती ओशाळून हसली. “सवय हो, भावजी. आधी खाली लाथ, मग कडीला झटका. त्याशिवाय उघडतच नव्हतं ना. मी आपली एकच घालते. तुमच्या दादांना घाई झाली, की ते दोन घालायचे.”