आरशातली उडी

यादवरावांनी आधीच बजावलं होतं, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुतणी तनिषाच्या टीमने विंडोजवरून लिनक्सवर आणलेला गेम यादवरावांच्या ब्रिस्टलमधल्या किचनमध्ये, बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर, विंडोजपेक्षा झकास पळत होता.

"एकदाही अडकला नाही बघ. आणि त्यातला आरसा! विंडोजवर आपल्या खेळाडूचं प्रतिबिंब जरा मागून हलतं. इथे आधी हलतं."

"आधी म्हणजे?"

"मी बटण दाबायच्या आधी."

तनिषा हसली. "काका, प्लीज. आज टेस्टिंग पास झालं नाही तर लिनक्स व्हर्जन कॅन्सल होणार. बग आहे का, तेवढं सांगा."

"बग कसला? हरवलं मी त्याला. शेवटच्या खेपेला दोन्ही हात खिशात घालून बसलो. आरशातल्याने उडी मारली, मी बटण दाबलंच नाही. कोपराने लॅपटॉप मिटला. बसला असेल हवेत लटकत."

जन्मभर त्यांनी थापा मारल्या होत्या, पण ही थाप नव्हती.

बटण कधी दाबलं, कधी सोडलं, याची नोंद गेम ठेवतो. तनिषाने लॅपटॉप उघडून ती पाहिली. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

"खोटं, काका. तुम्ही दाबलंत. आणि अजून सोडलेलं नाही."